मातीत हात घालणारी राजकन्या

सोल्ना, स्टॉकहोम

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. बदली टळली हे वाचून जीव भांड्यात पडला. काकूंचा गुडघा आता कसा आहे? जिना चढउतार करू देऊ नकोस त्यांना, कितीही हट्ट केला तरी.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंयस, ते मला मुळीच पटलेलं नाही. शाडू बंद, चाकं-कोरण्या माळ्यावर टाकल्या, कारण घरचे म्हणतात आता हौस पुरे. आणि तूही लिहितेस की मी कुठे जे.जे.ला गेलेय, माझं काम म्हणजे फावल्या वेळाचा खेळ. त्यावर फोनवर भांडण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं ठरवलं. मला तुला एका बाईबद्दल सांगायचंय. गेले काही महिने मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. ती जन्मभर हौशीच राहिली, माती आणि पियानो दोन्हीत, आणि मी रोज तिच्या नावाच्या रस्त्यावरून कामाला जाते.

आमच्या कारोलिन्स्का हॉस्पिटलचा पत्ता युजेनियावेगेन असा आहे. ही युजेनी म्हणजे स्वीडनची राजकन्या, जन्म 24 एप्रिल 1830, स्टॉकहोमचा. घराणं ऐकून तू चकित होशील. तिचे आजोबा बर्नादोत, नेपोलियनचा सेनापती, जो पुढे स्वीडनचा राजा झाला. आजी देझिरे, जिच्याशी तरुणपणी नेपोलियनचं लग्न ठरलं होतं आणि मोडलं. आणि आईकडून पणजी कोण, तर ती जोसेफिन, जिच्याशी नेपोलियननं प्रत्यक्षात लग्न केलं! म्हणजे एकाची मोडलेली सोयरीक आणि त्याचीच पहिली बायको, दोघींचं रक्त या एका मुलीत. आजी देझिरे 1860 पर्यंत स्टॉकहोमच्या राजवाड्यात होती, म्हणजे नात तिशीची होईपर्यंत. त्या दोघी काय बोलत असतील याचा मी अनेकदा विचार करते.

पाच भावंडं. चार मुलगे, कार्ल, गुस्ताव, ऑस्कर, ऑगस्ट, आणि ही एकटी मुलगी. सगळं घरच कलेनं झपाटलेलं. वडील, पहिला ऑस्कर, युवराज असताना त्यांनी एका तरुण संगीतकाराचा अर्धवट राहिलेला ऑपेरा त्याच्या मृत्यूनंतर पुरा केला होता, आणि तो 1834 साली रंगमंचावर आला. तुरुंग सुधारणांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक तर युरोपभर वाचलं गेलं. मोठा भाऊ कार्ल निसर्गचित्रं काढायचा, ऑस्कर कविता करायचा; दोघेही पुढे राजे झाले. आणि गुस्ताव. गुस्तावला इथे अजून ‘गाणारा राजपुत्र’ म्हणतात.

मंजू, गुस्तावचं गाणं मी इथे पहिल्याच उन्हाळ्यात ऐकलं, कोणाचं ते ठाऊक नसताना. जूनच्या सुरुवातीला इथली मुलं बारावी पास होऊन शाळेच्या पायऱ्यांवरून धावत बाहेर येतात. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, खाली आईवडील त्यांचे तान्हेपणचे फोटो मोठे करून काठीला लावून उभे असतात, आणि मग बर्चच्या फांद्यांनी सजवलेल्या ट्रकमध्ये उभी राहून पोरं गावभर ओरडत फिरतात. त्या पायऱ्यांवर सगळी मिळून एक गाणं म्हणतात, विद्यार्थ्याच्या सुखाच्या दिवसाचं. प्रत्येक शाळेत तेच, दरवर्षी तेच. त्याची चाल गुस्तावची. शब्द हर्मान सेटरबेरी नावाच्या डॉक्टर-कवीचे. 1852 साली ते पहिल्यांदा गायलं गेलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गुस्ताव गेला. कुटुंब हवापालटासाठी जर्मनीला गेलं होतं, परतताना नॉर्वेत त्याला टायफॉइड झाला. पंचवीस वर्षांचा होता. राजपुत्रानं आपलं नाव संगीतावर छापणं बरं दिसत नाही म्हणून तो नुसतं ‘ग’ हे अक्षर आणि पुढे फुल्या छापायचा.

युजेनी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचा सगळ्यात जवळचा सोबती हाच असणार असं मला वाटतं. वयात तीनच वर्षांचं अंतर आणि दोघंही पियानोवर बसणारे. तिच्याही रचना आहेत. पियानोसाठी रोमान्स म्हणजे हळव्या छोट्या रचना, वॉल्ट्झचे नाच, आणि आईच्या नावानं केलेली एक पोलोनेज. पोलोनेज म्हणजे तीन मात्रांचा संथ, ऐटबाज पोलिश नाच, दरबारात जोड्या मिरवत जायच्या त्यावर. मैफलीत बड्या कलाकारांनी वाजवावं अशा अवघड या चीजा नाहीत. घरात, चार माणसांत, मेणबत्त्यांच्या उजेडात वाजवायचं संगीत आहे ते. पण त्या काळात बहुतेक संगीत वाजायचं ते घरातच ना? रेडिओ नाही, रेकॉर्ड नाही. नवा नाच, नवं गाणं ऐकायचं तर कोणीतरी कागद विकत आणून बसावं लागे. आणि बसणारी बहुतेक वेळा घरातली बाई असे. त्या सगळ्या बायकांना संगीताच्या इतिहासात जागा नाही, पण त्यांच्याशिवाय एकाही संगीतकाराचा कागद खपला नसता.

तब्येतीनं ती लहानपणापासून नाजूक. छाती कमकुवत. इथला हिवाळा तू पाहिलेला नाहीस. नोव्हेंबरअखेरपासून दुपारी तीनलाच सूर्य मावळतो. आता केंद्रीय हीटिंग आहे, पण त्या दगडी राजवाड्यात छातीच्या दुखणेकऱ्याचं काय होत असेल! हिवाळाभर ती आपल्या दालनातच असायची. मला वाटतं, इतर राजकन्यांसारखी तिची पाठवणी कुठल्यातरी परक्या दरबारात झाली नाही याला हेही एक कारण असेल. पण एकटं तेवढंच कारण नव्हतं, हे पुढची गोष्ट ऐकलीस की तुला पटेल.

स्वीडनमध्ये तेव्हा अविवाहित बाई कितीही वयाची होवो, कायद्यानं अज्ञान. पन्नाशीची असली तरी बापाच्या नाहीतर भावाच्या पालकत्वाखाली. स्वतःच्या पैशाचा व्यवहार नाही, करारावर सही नाही. विधवेला ही मोकळीक होती, कुमारिकेला नाही. तिच्या वडिलांनी 1845 साली मुलींना मुलांइतकाच वारसा देणारा कायदा आणला, म्हणजे मिळकत मिळाली, पण ती हाताळायची मुभा नव्हती. फ्रेद्रिका ब्रेमर या लेखिकेनं 1856 साली ‘हेर्था’ कादंबरी लिहून या अन्यायावर नेमकं बोट ठेवलं, खूप वादळ उठलं, आणि 1858 मध्ये कायदा बदलला: पंचविशीपुढच्या अविवाहित बाईनं कोर्टात अर्ज केला तर ती सज्ञान. लग्न केलं की मात्र पुन्हा नवऱ्याच्या पालकत्वाखाली. युजेनीनं ही सज्ञानता घेतली, आणि लग्न कधीच केलं नाही. राजाची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, आणि स्वतःच्या कागदावर स्वतः सही करायचा हक्क तिला तेव्हा मिळाला. मी हे वाचलं त्या दिवशी रात्री बराच वेळ झोप लागली नाही. माझ्या आजीच्या नावावर एक खोली नव्हती, हे आठवत राहिलं.

आता मातीचं सांगते, कारण हे खास तुझ्यासाठी आहे.

स्टॉकहोमची कला अकादमी बायकांना रीतसर विद्यार्थी म्हणून घ्यायला लागली 1864 मध्ये. तोवर काही थोड्या जणींना खास परवानगीनं प्रवेश मिळाला होता, बाकीच्यांनी घरीच शिकायचं. चित्रकला, विशेषतः जलरंग, मोठ्या घरच्या मुलींना शोभून दिसे. हात स्वच्छ राहतात. शिल्पाचं तसं नाही. माती नखांत जाते, ओली फडकी, बादल्या, प्लास्टरची धूळ, आणि वर अंगमेहनत. ते काम पुरुषांचं, तेही कारागिराच्या मेहनतीचं समजलं जायचं. आणि छाती अधू असलेली ही बाई नेमकी त्याकडेच वळली. लहान लहान आकृती करायची, बहुतेक मुलांच्या आणि जनावरांच्या.

त्यातली एक स्वीडनभर गाजली. नाव आहे ‘तुला बोलता येत नाही का?’ एक लहान मूल आणि एक कुत्रा, एवढंच. गुस्तावस्बर्ग म्हणून स्टॉकहोमजवळ चिनीमातीचा मोठा कारखाना होता, त्यांनी ती पॅरियनमध्ये काढली. पॅरियन म्हणजे न चकाकवलेली पांढरी पोर्सेलीन, संगमरवरासारखी दिसावी म्हणून मुद्दाम केलेली. साखरेच्या खड्यासारखा तिचा पोत, हाताला किंचित खरखरीत. गुस्तावस्बर्गनं 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला ही बनवायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिल्पं आली. संगमरवर कोणाला परवडणार?

ते कसं करतात ते तुला आवडेल. आधी मातीचा मूळ नमुना. त्याचे प्लास्टरचे साचे घ्यायचे, एकसंध नाही, हात वेगळा, डोकं वेगळं, कुत्रा वेगळा, नाहीतर साचा सुटणारच नाही. मग पातळ केलेली पोर्सेलीनची माती साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी शोषून घेतं, कडेला माती धरत जाते, हवी तेवढी जाडी आली की उरलेली ओतून टाकायची, आत पोकळ. तुकडे निघाले की ओलसर असतानाच त्याच मातीच्या खळीनं जोडायचे, सांधे पुसून काढायचे, आणि भट्टीत घालायचे. भट्टीत सगळं आकसतं, चांगलंच आकसतं, आणि सारखं आकसलं नाही तर पाय वाकतो किंवा मान तुटते. म्हणून आधार देऊन भाजतात. झिलई नसल्यामुळे चूक झाकता येत नाही. सांधा राहिला तर तो दिसणार. तू बेंदराचे बैल करतेस तेव्हा शिंगं नेहमी शेवटी, माती जरा आवळल्यावर बसवतेस, ते मला आठवलं. पाऊण तास एका शिंगासाठी बसलेली पाहिलीये मी तुला.

मी युजेनीच्या त्या शिल्पाची एक प्रत जुन्या वस्तूंच्या दुकानात पाहिली. दुकानदारानं हातात धरू दिली. तळाशी कारखान्याचा नांगराचा शिक्का होता. खोटं कशाला सांगू, मोठ्या शिल्पाची ही जात नाही. हळवं आहे, त्या काळाला आवडायचं तसं गोड आहे. पण पुन्हा पाहिलं की कळतं, करणारीनं कुत्रा नुसता आठवणीतून केलेला नाही. कुत्र्याला ती ओळखत होती. आणि मूल गोंडस दिसावं म्हणून मांडलेलं नाही, त्याला खरोखरच उत्तर हवंय. समोरच्या मुक्या जिवाकडून उत्तराची वाट पाहणं, एवढा एकच क्षण तिनं पकडलाय. ज्या गोष्टी तिनं पुढच्या आयुष्यात केल्या, त्या सगळ्या याच एका प्रश्नातून निघाल्या असं मला वाटतं. ही शिल्पं घराघरांत गेली. अकादमीतून शिकून आलेल्या कितीतरी पुरुषांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि या बाईचं मूल अजून लोकांच्या खिडक्यांत बसलंय.

1861 पासून तिचे उन्हाळे गोटलंडवर जायला लागले. गोटलंड म्हणजे बाल्टिक समुद्रातलं बेट, चुनखडीचं. विस्बी नावाचं त्याचं शहर आजही मध्ययुगीन तटबंदीच्या आत आहे आणि गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. विस्बीच्या दक्षिणेला होगक्लिंट म्हणून उंच कडा आहे, थेट समुद्रात उतरणारा. त्याच्याजवळ तिनं स्वतःचं घर बांधून घेतलं, स्विस धर्तीचं लाकडी, आणि नाव ठेवलं फ्रिधेम. सज्ञान झाल्यावर जेमतेम तीन वर्षांत. राजवाडा सगळ्यांचा असतो, हे घर तिचं होतं. समुद्राची हवा छातीला मानवली, आणि मरेपर्यंत दर उन्हाळ्यात ती तिथे राहिली. भावांची मुलं यायची, आसपासच्या बायका शिवणकामाला जमायच्या, त्या वस्तू विकून गरिबांसाठी पैसे उभे राहायचे. मला हे चित्र फार आवडतं. दरबाराचा डामडौल मागे टाकून चार बायका समुद्राकाठी सुई-दोरा घेऊन बसल्यात आणि त्यांतली एक राजाची बहीण आहे.

आणि मग ते काम, ज्यामुळे आमच्या रस्त्याला तिचं नाव आहे. ज्या मुलांना डॉक्टरांनी ‘बरी होणार नाहीत’ असं सांगून टाकलं होतं, अपंग, हाडं वाकलेली, आजारी, त्यांना तेव्हा कुठेच जागा नव्हती. हॉस्पिटल घेत नसे, कारण हॉस्पिटल बरं होणाऱ्यांसाठी. अनाथालय घेत नसे, कारण त्यांची शुश्रूषा झेपत नसे. गरिबाघरी अशी मुलं कोपऱ्यात पडून राहायची. युजेनीनं त्यांच्यासाठी घर सुरू केलं. 1880 च्या दशकात ते सोल्न्यात, नॉरबाकाला स्वतःच्या इमारतीत आलं: युजेनिया-हेमेत. नुसतं ठेवून घ्यायचं नाही, जमेल तितकं शिकवायचं. पुढे त्या परिसरात अपंगांच्या उपचारांची मोठी संस्था उभी राहिली, आणि नॉरबाका-युजेनिया या नावाचं प्रतिष्ठान आजही चालतेफिरते नसलेल्यांना मदत करतं.

इथे एक गोष्ट सगळेच सांगतात. अशा कामासाठी पैसे हवे होते म्हणून तिनं आपले हिरे विकले. पुढे एकदा ती भेटीला गेली असता एका रुग्णाच्या डोळ्यांतून कृतज्ञतेनं पाणी आलं, आणि ती म्हणाली, माझे हिरे मला परत दिसले. चर्चच्या प्रवचनांतून ही गोष्ट जगभर गेली, वेगवेगळ्या रूपांत. मला स्वतःला त्या अश्रूंपेक्षा हिऱ्यांचा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. कुलीन घरातल्या बाईचे दागिने म्हणजे घराण्याचा ठेवा. ते तिनं घालायचे आणि पुढच्या पिढीला द्यायचे. ते विकून विटा घ्यायच्या हा तिचा निर्णय होता. आणि मुलांना उपकाराचे अश्रू ढाळावे लागू नयेत, इतकं हक्काचं घर मिळावं, असं मला वाटतं. तिलाही ते पटलं असतं.

एक गोष्ट मात्र सलते आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही. 1880 साली तिनं उत्तरेकडच्या सामी लोकांमध्ये मिशनचं काम करणारी एक संस्था काढली. रेनडिअर पाळणारे हे इथले मूळ लोक. हेतू भला होता यात मला शंका नाही. उपाशी मुलं, औषध नाही, हे तिला दिसत होतं. पण त्या काळातल्या मिशननं आणि शाळांनी सामींची भाषा, गाणी, देव यांवर काय घाला घातला हे आता सगळ्यांना माहीत आहे. स्वीडनच्या चर्चनं 2021 मध्ये उप्साला कॅथेड्रलमध्ये सामींची जाहीर माफी मागितली. त्या मोठ्या अन्यायात तिच्या चांगुलपणाचाही वाटा आहे. ज्या बाईनं मुक्या प्राण्याला विचारलं, तुला बोलता येत नाही का, तिनं ज्यांना स्वतःची भाषा होती त्यांचं ऐकून घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. हे मला तिच्याबद्दल वाटणारं प्रेम कमी करत नाही, पण बाजूलाही ठेवता येत नाही.

ती गेली 23 एप्रिल 1889 ला. दुसऱ्या दिवशी एकोणसाठ वर्षं पुरी झाली असती. रिद्दारहोल्मच्या चर्चमध्ये, जिथे तेव्हा राजघराण्यातली माणसं पुरत असत, तिथेच ती आहे आणि गुस्तावही.

मंजू, तिच्या आयुष्यात तिला फारसं कोणी शिल्पकार म्हटलं नाही, संगीतकारही नाही. राजकन्या म्हटलं, दानशूर म्हटलं, धर्मशील म्हटलं. माती आणि पियानो हे ‘प्रिन्सेसचे छंद’ या सदरात गेले. मला हे वाचताना राग येतो, आणि तुझं पत्र वाचून तोच राग आला. तू रात्री अकराला ओटा आवरून माती मळायला बसतेस. तुझ्या हातचा बैल गावातल्या पाच घरांत बेंदराला पुजला जातो, हे काय कमी काम आहे? त्याला कोणाच्या पदवीची गरज नाही, आणि घरच्यांच्या परवानगीचीही नसावी. बाबूरावांना हे पत्र वाचून दाखव हवं तर, मी रागावलेय हेही सांग. माळ्यावरून कोरण्या खाली काढ. दमट हवेत त्या गंजतात, तेल लावून कापडात ठेवायच्या असतात, हे तूच मला शिकवलंस.

जुलैत आम्ही गोटलंडला जाणार आहोत, नीनेसहाम्नहून बोटीनं. फ्रिधेम अजून उभं आहे, तिथे राहायची सोय होते असं कळलंय. फोटो पाठवीनच, पण तुला लाकूडकामाचे जवळून हवेत की समुद्राकडून घराचे, ते कळव. तिच्या पोलोनेजचे कागद मिळतात का ते इथल्या संगीत ग्रंथालयात विचारलंय. मिळाले तर स्कॅन करून निनादला पाठवीन. त्याला म्हणावं, घाई करू नकोस, तो नाच चालत चालत करायचा असतो. काकूंना नमस्कार, छोटीला पापा. आणि पत्र पोस्टानंच लिही, फोनवर तू सगळं ‘बरं चाललंय’ म्हणून संपवतेस.

तुझीच,
शुभदा